उसना पाचोळा

हिरडवाडीच्या वरची वाघजाईची देवराई मे महिन्यातल्या एका सोमवारी दुपारी पेटली आणि दिवस मावळेपर्यंत जळत राहिली. एकोणिसशे साठच्या आधीचा तो शेवटचा उन्हाळा. दुसऱ्या दिवशी सकाळी देवराईतल्या झऱ्याच्या वरच्या अंगाला सुमती खांबेटे यांचा मृतदेह सापडला. त्या पुण्यातल्या एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवत. मृत्यू धुराने गुदमरून झाला, असे पौडच्या डॉक्टरांनी लिहिले. आग कोणाच्या हातून लागली याची चौकशी झाली. निष्कर्ष निघाला नाही.

बातमी मीच दिली होती. तिच्यात 'संशोधनासाठी गेल्या असता' असे शब्द छापून आले. ते बरोबर नव्हते. संशोधन त्यांनी त्याआधीच बंद केले होते. त्या दिवशी त्या एक पोते आणि एक डबी घेऊन वर गेल्या होत्या.

मी तेव्हा पुण्याच्या एका दैनिकात तालुक्यांच्या बातम्या पाहत असे. मुळशीची फेरी महिन्यातून एकदा व्हायची. बाई प्रथम दिसल्या त्या अशाच एका फेरीत, पौडच्या एस.टी.त. चाळिशी ओलांडलेल्या, उंच, काटक. अंगावर सुती पांढरे पातळ, पायांत पुरुषी कॅनव्हासचे बूट, बाजूला काळी छत्री. मांडीवर गोणपाटाचे फुगलेले पोते. गाडीने भुकूम सोडले तसा कंडक्टर त्यांच्यापाशी आला.

"बाई, पोतं टपावर टाका."

"टपावर नको. उडून जाईल."

"हाय काय त्यात?"

"पाला."

"पाला?" कंडक्टर गाडीकडे वळला. "ऐकलं का मंडळी? पुण्यातनं मुळशीला पाला चाललाय."

गाडी हसली. मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, "बाई, आमच्या शेळ्यास्नी बी थोडा ठेवा."

बाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. कंडक्टरने पोत्याच्या आकाराकडे बघून सामानाचे तिकीट लागेल म्हणून सांगितले. त्यांनी पिशवीतून स्प्रिंगचा काटा काढला, खिडकीच्या गजाला अडकवला, त्याला पोते टांगले आणि म्हणाल्या, "वाचा."

कंडक्टरने वाकून वाचले. "दिसतंय लई मोठं."

"डोळ्यांनी वजन होत नाही," बाई म्हणाल्या.

हे वाक्य पुढे मी त्यांच्या तोंडून अनेकदा ऐकले. विद्यार्थ्यांना, शेजारणीला, एकदा एका मामलेदारालाही. 'साधारण', 'जवळजवळ', 'बरेच' हे शब्द त्या वापरत नसत. दुसऱ्याने वापरले तर बोलणे थांबवून त्याच्याकडे बघत राहायच्या.

पोत्यातला पाला हिरडवाडीच्या देवराईतलाच होता. त्या तो पुण्याला नेत, वाळवून तोलत आणि पुढच्या खेपेला परत आणत. रानात वर्षभरात किती पान गळते, त्यातले जमिनीवर किती राहते, ते कुजून माती व्हायला किती काळ लागतो, आणि जिथे माणूस तोडतो, चारतो, जाळतो तिथे या सगळ्याचे काय होते, हे त्यांना मोजायचे होते. त्यासाठी त्यांनी एकाच डोंगरावरच्या दोन जागा धरल्या होत्या. वर देवराई, जिला कुऱ्हाड ठाऊक नव्हती. खाली गावाचे तोडीचे रान. भाताचे रोप करण्यासाठी मुळशीत उन्हाळ्यात राब भाजतात. वाफ्यावर झाडाचा टहाळ, शेण आणि वाळका पाला पसरून तो पेटवायचा आणि त्या राखेत पावसाच्या तोंडाला बी टाकायचे. त्या पाल्याला गावात पातेरा म्हणतात. खालच्या रानातले ऐनाचे झाड दर वर्षी राबासाठी छाटले जाई. तिथली झाडे खांबासारखी दिसत.

देवराईतून वाळलेली काडीही बाहेर न्यायची नाही, असा गावाचा नेम होता. वाऱ्याने पडलेला आंब्याचा एक मोठा बुंधा झऱ्याजवळ जागेवरच कुजत पडलेला मी पाहिला आहे. देवराईखालच्या घरातली एक बाई सरपणाला तासभर चालून जाई.

बाईंनी पाला मागितला तेव्हा गावाने नाही म्हटले नाही आणि हो म्हटले नाही. देवीला विचारायचे ठरले. धोंडिबा गुरव हे देवीचे पुजारी. वय साठीच्या पुढे, एका डोळ्यात फूल पडलेले, बोलणे मोजके. त्यांनी वाघजाईच्या तांदळ्यावर, म्हणजे देवी मानलेल्या अनघड दगडावर, दोन्ही बाजूंना ओली फुले लावली आणि कौल मागितला. उजवे फूल पडले. म्हणजे होकार. धोंडिबांनी आपली एक अट घातली. "नेलेला पातेरा परत हितंच आला पायजे. समदा."

बाईंनी अट मान्य केली. त्यानंतर दर खेपेला त्या वाळवून तोललेला पाला पोत्यात भरून आणत, ज्या चौकोनातून उचलला त्याच चौकोनात पसरत आणि नवा उचलत. देवराईच्या शिवेवर एक उभा धोंडा होता. तिथे त्या बूट काढून ठेवत आणि अनवाणी आत जात. परतताना धोंडिबा तिथेच बसलेले असत. एकच प्रश्न विचारत.

"समदा आणला का, बाई?"

"आणला."

मग ते उठून घरी जात.

मी त्यांच्याबरोबर पहिल्यांदा वर गेलो तो एप्रिलचा शेवट होता. बाहेर कातळ तापलेला. आत गारंबीच्या वेली मांडीएवढ्या जाड आणि पायाखाली पाचोळ्याचा मऊ थर. बाईंची एक सवय तेव्हा पाहिली. नव्या चौकोनाशी त्या गुडघ्यांवर बसत, उजवा हात पाचोळ्यात मनगटापर्यंत खुपसत, तसाच थोडा वेळ ठेवत आणि बाहेर काढून वास घेत. वजनाच्या कामाशी याचा संबंध नव्हता. त्या दिवशी हात ओला बाहेर आला. बोटांना काळी माती आणि बुरशीचे पांढरे धागे चिकटले होते.

"बघा. बाहेर उन्हाळा आहे. इथं मागचा पावसाळा अजून संपलेला नाही," त्या म्हणाल्या. तो हात त्यांनी पदराला न पुसता वाळू दिला.

खालच्या रानात त्यांनी तेच केले. तिथे हात खुपसण्याएवढे काही नव्हते. बोटे दगडाला लागली.

पडणारे पान मातीला टेकण्याआधी धरावे म्हणून त्यांनी झाडांखाली लाकडी चौकटी उभ्या केल्या होत्या. चार पाय आणि मध्ये मांजरपाटाची झोळी. गावाने त्यांना पाळणे म्हणायला सुरुवात केली. साळूबाई ही सरपणासाठी तासभर चालणारी बाई. तिची जीभ गावात प्रसिद्ध होती. तिने एकदा झऱ्यावर बाईंना गाठले.

"बाई, लेकरू न्हाई व्हय तुमाला?"

"नाही."

"म्हनून एवढे पाळणे? अवो, एक बांधला तरी आमची देवी ऐकती. तुमी तर बाजारच मांडलाय."

"पानांसाठी आहेत ते. गळलेली पानं पडतात त्यात."

"पानास्नी जोजवता?" साळूबाईने घागर खाली ठेवली आणि पोट धरून हसली. "अंगाई बी म्हनता का?"

पण पुढच्या खेपेला बाईंच्या एका चौकटीला लाकडाचा वीतभर पाळणा बांधलेला आढळला. त्यात हिरवी बांगडी होती. त्यानंतर आणखी आले. शेजारच्या वाड्यांवरच्या मूल नसलेल्या बायाही येऊ लागल्या. धोंडिबांनी सांगितले की पूर्वी झऱ्याच्या वर बाया जात नसत. खालूनच हात जोडत. बाईंच्या जाण्यायेण्याने आत एक पायवाट पडली होती. आता ती रुंद झाली.

बाईंनी ते पाळणे काढले नाहीत. "ते माझे नाहीत," एवढेच म्हणाल्या. त्यांत पडलेली पाने त्या मोजत नसत.

पुण्यात पेठेतल्या दोन खोल्यांत त्या एकट्या राहत. मी एकदा गेलो तेव्हा गच्चीवर पाला वाळत घातलेला होता. खाली अंथरलेला कागद आमच्याच दैनिकाचा. शेजारच्या काकू पापडांचे ताट घेऊन उभ्या होत्या. "सुमतीताई, तुमच्या जंगलानं आमच्या पापडांना जागा ठेवली नाही हो." बाईंनी एक कोपरा सरकवून दिला. सरकवताना पडलेली तीन पाने वाकून उचलली आणि परत ढिगावर ठेवली.

त्यांच्यावर मी लिहिलेली एक चौकट त्या आठवड्यात दैनिकात आली होती. बाईंनी ती वाचली होती.

"एक चूक आहे," त्या म्हणाल्या. "मी पाला 'गोळा करते' असं छापलंय. गोळा करत नाही. उसना घेते."

खोलीत खिडकीशी चिनी मातीच्या लहान वाट्या मांडलेल्या होत्या. प्रत्येकीत करडी राख, चिमूट-दोन चिमटी. कपाटात पानांच्या पुडीच्या बाटल्या. मी विचारले. दर खेपेच्या पाल्यातली मूठभर पाने कुटून त्यातली थोडी जाळावी लागतात, त्या म्हणाल्या. राख तोलली की पान जमिनीला काय परत देते ते कळते.

"आणि हे परत जातं?" मी विचारले.

त्यांनी वाट्यांवर कागद झाकला. "चहा घेणार ना?" म्हणाल्या आणि आत गेल्या.

दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर खालचे रान कोळशाला गेले. ते मालकीचे होते. मालकाने तोड एका ठेकेदाराला विकली. हिवाळाभर डोंगराच्या अंगावर भट्ट्या धुमसत राहिल्या. सकाळी धूर खोऱ्यात उतरून मुळशी धरणाच्या पाण्यावर पसरे आणि उन्हे चढेपर्यंत हलत नसे. खाली लावलेल्या बाईंच्या चौकटी इतर लाकडाबरोबर भट्टीत गेल्या. मांजरपाट एका मजुराच्या डोक्याला गुंडाळलेला त्यांना दिसला. त्यांनी तो मागितला नाही.

फाल्गुनात गावापुढे प्रश्न उभा राहिला. राबाला टहाळ कुठून आणायचा? धरणाच्या वेळी खालची खाचरे पाण्यात गेलेली. वरच्या खडकाळ पट्ट्यातले भात राबाशिवाय उगवत नाही, अशी गावाची खात्री. त्यासाठी गावाची बैठक बसली. तिच्यात काय झाले ते मला पोलीस पाटील शंकरराव आणि साळूबाई, दोघांनी वेगवेगळे सांगितले. दोघांचे सांगणे जुळते.

पाटील म्हणाले, "वर पातेरा गुडघाभर पडलाय आन् आमी हितं शेणावर राब भाजायचा?"

धोंडिबा म्हणाले, "देवीचं हाय त्ये."

"बाई नेतीच की पोती भरून. कौल तुमीच लावला न्हवं?"

"बाई परत आणती."

"आमी बी आणू. राख आणू." बैठक हसली.

धोंडिबांनी नव्याने कौल लावू म्हटले. पाटलांनी ते मोडून काढले. "कौल पातेऱ्याला झालाय, बाईला न्हाई. पातेरा भाईर न्यायचा का, तर न्यायचा. देवी काय मानूस बघून न्याय देती व्हय?"

बैठक तिथेच उठली. नवा कौल आपणहून तरी का मागितला नाही, असे मी धोंडिबांना आगीनंतर विचारले. ते म्हणाले, "डावं फूल पडलं असतं तरी गावानं ऐकलं नसतं. मग देवीचा मान ऱ्हातो कुटं?"

त्यानंतरच्या खेपेला मी बाईंबरोबर होतो. शिवेच्या धोंड्यापाशी त्यांनी बूट काढले आणि थांबल्या. खालच्या वाफ्यांपासून पायवाटेवर वाळक्या पानांची एक रेघ लागली होती. पाट्यांतून सांडत गेलेली पाने. ती रेघ वाट वळेल तशी वळत देवराईत शिरत होती.

आत जमीन झाडून काढलेली होती. मुळे उघडी पडली होती. मातीवर खराट्याच्या काड्यांचे ओरखडे दिसत होते. जागोजाग पाल्याचे कमरेएवढे ढीग रचून ठेवले होते, न्यायचे राहिलेले. कडेच्या झाडांच्या फांद्या उतरवल्या होत्या आणि जिथे पूर्वी अंधार होता तिथे ऊन पडले होते.

त्या मोकळ्या मातीवर बाईंचे चौकोन मात्र जसेच्या तसे होते. सुतळीच्या आत पाचोळा भरगच्च, पान न हललेला. सुतळीच्या बाहेर काहीच नाही. अंगणात सतरंज्या घातल्यासारखे ते दिसत होते.

साळूबाई पाटी भरत होती. बाईंना बघून उठली. तिच्या चेहऱ्यावर केलेल्या कामाचा आनंद होता.

"तुमचं चौकोन सोडलंत बरं का, बाई. सोत्ता हुबी ऱ्हायले. पान हलू दिलं न्हाई."

"का सोडलेत?"

"तुमचं हायत म्हनून."

"माझं इथं काहीच नाही, साळूबाई."

"मग आमी नेला तर बिघडलं कुटं? तुमी नेला तर इद्या, आन् आमी नेला तर पाप व्हय?"

बाई एका चौकोनाशी बसल्या आणि हात मनगटापर्यंत आत घातला. बाहेर काढला. कोरडा होता. दुसऱ्या चौकोनात घातला. तिथेही कोरडा. मातीचा डागसुद्धा नव्हता. त्यांनी वास घेतला नाही.

पाटील तेवढ्यात वर आले होते. बाई त्यांना म्हणाल्या, "यंदा देवराईलगतच्या वाफ्यात राब भाजू नका. आणि ही वाट झाडून घ्या. पेटवायच्या आधी."

"वाट झाडाया आमी काय सरकारी रस्त्याच्या कामावर हाय व्हय?" साळूबाई मध्येच म्हणाली.

पाटील समजुतीच्या सुरात बोलले. "राब हरसाल भाजतो, बाई. बापजाद्यांपासनं. देवराईला कधी झळ लागली न्हाई."

"तेव्हा ती ओली होती."

पाटलांनी मान हलवली. ती मान होकाराची होती की निरोपाची, हे मला सांगता येणार नाही. वाट झाडली गेली नाही.

उतरताना धोंडिबा धोंड्यापाशी बसलेले होते. त्यांनी नेहमीचे विचारले.

"समदा आणला का, बाई?"

बाईंनी बुटाची नाडी बांधायची थांबवली. "नाही."

धोंडिबा चांगल्या डोळ्याने त्यांच्याकडे बघत राहिले.

"आजवर कधीच सगळा आणला नाही," त्या म्हणाल्या. "दर खेपेला मूठभर तिकडं राहिला. थोडी पूड आहे, थोडी राख आहे. तुम्ही विचारत होतात आणि मी आणला म्हणत होते."

"राखंचं पान व्हतंय व्हय?"

"नाही होत."

"मग आणून करनार काय?"

"जिथून घेतला तिथं ठेवणार."

म्हातारा धोंड्याला धरून उठला. मग म्हणाला, "आना. तुमचं देणं हाय त्ये. पर राबाच्या दिसात वर नगा येऊ. आग वरच्या अंगाला धावती."

त्या दिवशी त्यांनी नवा पाला उचलला नाही. मी पाहिलेली ती पहिलीच खेप, ज्यात त्यांच्या मांडीवर पोते नव्हते. ते घडी करून पिशवीत होते. गाडी पिरंगुटला थांबली. तेव्हा त्या म्हणाल्या, "काम थांबवते. चौकोन मोजून लिहायचं काय? पाचोळा आहे म्हणून लिहिलं तर खोटं. नाही म्हणून लिहिलं, तर माझ्या चौकोनात तो आहे."

मी म्हणालो की दोष त्यांचा नाही. रान कोळशाला गेले नसते तर गाव वर आलेच नसते.

"आलं असतं तर कुठल्या वाटेनं आलं असतं?" त्यांनी विचारले. "आत वाटच नव्हती."

राख-पूड ठेवायला राबाचे दिवस टाळून पावसाळ्यानंतर जा, असे मी सुचवले. ते त्यांना पटले नाही. पावसाळ्यापर्यंत ठेवण्यासारखे ते नव्हते, असे त्यांचे म्हणणे. "पावसाच्या आधी पडलेलं पान पावसात कुजतं. ते माझ्याकडं बाटलीत असेल तर आणखी एक वर्ष गेलं." मी उठलो. माझा थांबा आला होता.

शेवटच्या दिवसाचे पुढे दिले आहे ते कंडक्टर, साळूबाई, पाटील आणि धोंडिबा यांच्याकडून घेतलेले आहे. मी तिथे नव्हतो.

बाई सकाळच्या गाडीने निघाल्या. मांडीवर पोते होते, दर खेपेतून मागे राहिलेला मूठ-मूठ पाला आणि पुडीच्या कागदी पिशव्या भरलेले. हातात पत्र्याची डबी. कंडक्टर तोच होता. तो म्हणाला, "काटा काढू नका, बाई. ठावं हाय आता." डबीत काय आहे विचारल्यावर त्या "राख" म्हणाल्या. कोणाची, असे कंडक्टरने विचारले नाही. कोणीतरी वारले असेल असे त्याला वाटले आणि त्याने शेजारच्या माणसाला सरकून बसायला सांगितले.

हिरडवाडीत त्या पोचल्या तेव्हा साळूबाई झऱ्याच्या खालच्या दगडी डोणीशी, पाणी साठायच्या कुंडाशी होती. पाण्याची धार करंगळीएवढी झाली होती. ती वाटीने घागर भरत होती.

"बाई, आज नगा वर जाऊ. राब पेटवायचेत."

"कधी?"

"वारं पडल्यावर. सांजच्याला."

"मग मी त्याआधी खाली येते."

"आन् ह्ये पोतं? म्या ऐकलं, काम बंद केलंत."

"बंद केलंय. हे परत ठेवायचंय."

"ठिवा हितंच. गडी नेऊन टाकतील."

"नको. कुठलं कुठं ते मला माहीत आहे."

साळूबाईने त्यांना पाणी दिले. बाईंनी वाटी पाहिली, धार पाहिली आणि अर्धे पाणी परत घागरीत ओतले. मग वर गेल्या. साळूबाईने त्यांना धोंड्यापाशी वाकून बूट काढताना पाहिले. त्यानंतर त्यांना जिवंत कोणी पाहिले नाही.

राब संध्याकाळची वाट न बघता पेटला. कोणत्या वाफ्यापासून सुरुवात झाली, यावर गावात एकमत नाही. प्रत्येकाने दुसऱ्याच्या वाफ्याचे नाव घेतले. कोकणाकडून चढणारा वारा दुपारी जोरात असतो. त्या दिवशीही होता. पाटलांनी आग पायवाटेवरून चढताना स्वतः पाहिली. "वातीवानी गेली वर," ते म्हणाले. "मानूस चालतं तशी. वळणाला वळण घेऊन." सांडलेल्या पाल्याची रेघ तिला शिवेच्या आत घेऊन गेली. आत ढीग होते.

साळूबाईने बाई वर आहेत असा गलका केला. गावकरी हिरव्या फांद्या घेऊन धावले. दोघे जण झऱ्यापर्यंत पोचले आणि परतले; एकाचे केस आणि हात भाजले होते. त्यांनी हाका मारल्या. ओ आली नाही. धोंडिबा धोंड्याशी उभे होते. त्यांना दोन वेळा ओढून मागे न्यावे लागले.

पंचनाम्यात नमूद असलेल्या वस्तू अशा: शिवेच्या धोंड्यापाशी कॅनव्हासचे बूट, जोड एक. झऱ्याच्या वरच्या अंगाला छत्रीच्या काड्या. तिथेच स्प्रिंगचा काटा, वितळलेला नाही.

चौथ्या दिवशी धोंडिबा मला वर घेऊन गेले. त्यांनीही धोंड्यापाशी वहाणा काढायला लावल्या, जमीन अजून कोमट असताना. बाईंचे चौकोन कुठे होते ते ओळखू येत होते. सगळीकडे राखेचा पातळ थर होता, तेवढ्या जागांवर जाड होता. चौकटींचे पाय काळे उभे होते. गारंबीच्या वेली तुटून खाली आल्या होत्या.

वाघजाईच्या तांदळ्याभोवती खडकाची मोकळी जागा आहे. आग तिथे आली नव्हती. खडकावर गोणपाटाचे पोते चौकोनी घडी घालून दगडाखाली ठेवलेले होते. त्यावर पत्र्याची डबी उपडी, झाकण शेजारी. धोंडिबांनी त्या वस्तूंना हात लावला नव्हता आणि पोलिसांना दाखवल्या नव्हत्या. मला त्यांनी पोते उलगडून बघायला सांगितले.

डबी रिकामी होती. पोते रिकामे होते. ते उलटे करून झटकलेले होते. शिवणीत एकही पान अडकलेले नव्हते.